शांताच्या नावाचे पाणी

१६ मार्च २०१०, मंगळवार. पाडवा.

नवे पंचांग आणले. गुढी उभारली नाही. शांताला, निलूच्या आईला, जाऊन अजून वर्ष व्हायचे आहे. पंचांगात आधी अक्षय तृतीया काढली. १६ मे, रविवार. आमच्या गावात तिला नुसते तीज म्हणतात. मेल्यानंतरच्या पहिल्या तीजेला मातीची नवी घागर भरून त्या माणसाच्या नावाने पाणी द्यायचे, मगच ते माणूस पितरांत गेले असे धरायचे. या हिशेबाने शांता अजून वाटेतच आहे.

सा. निलू हॉस्पिटलमधून आली. जेवताना म्हणाली, "बाबूजी, आमच्या चर्चचा एक गट उन्हाळ्यात केनियाला जाणार आहे. दवाखान्याचं काम आहे, मुलांचं शिबिर आहे. मी नाव दिलं."

'देऊ का' असे नाही. 'दिलं'. केव्हा, विचारले. "मे महिन्यात." पंचांग टेबलावर उघडेच पडले होते.

२१ मार्च, रविवार

निलू चर्चला. घर रिकामे. तिचा पासपोर्ट कालच्या टपालाने आला, तो तपासला. सर्व नोंदी बिनचूक. आईच्या नावापुढे 'कै.' लिहिण्याची पद्धत पासपोर्टात नाही, हे एक बरे. मीही लिहीत नाही.

तीन वर्षे ती मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि ख्रिस्ती होऊन परत आली. कोणी आमिष दाखवले का, कोणी दबाव आणला का, याचा मी त्या वेळी पुरता तपास केला होता. तसे काही नव्हते. मला पटले नाही, आणि ते मी तिला एकदा स्पष्ट शब्दांत सांगितले. दुसऱ्यांदा सांगितले नाही. शांताचे म्हणणे वेगळे होते. "देव बदलवला तिनं. माय तं नाही बदलवली."

आजारपणाचा शेवटचा आठवडा. निलू तिच्या पायांना तेल लावत होती. शांता माझ्याकडे पाहून म्हणाली, पण ऐकवले निलूला: "तीजेचं पानी मले निलूच्याच हातचं पाह्यजे. पुतन्याच्या हातचं नोको."

निलू तेल लावत राहिली. हो म्हणाली नाही. शांताने ते हो धरले आणि मीही धरले. गप्प बसण्याला होकार समजू नये, हे आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या माणसाला तरी ठाऊक असायला हवे होते.

२ एप्रिल, गुड फ्रायडे

निलूचा उपवास. स्कूटरवर तिला चर्चपर्यंत सोडले. परत येण्याऐवजी समोरच्या कडुलिंबाखाली थांबलो. उपासना लांबली. मध्येच पास्टर बाहेर आले. साधा माणूस, माझ्याच वयाचा.

"भाऊ, आत पंखा आहे."

"इथे ठीक आहे."

त्यांनी आग्रह केला नाही. प्लास्टिकची एक खुर्ची आणून सावलीत ठेवली आणि आत गेले. गाणी मराठीत होती, सोबत पेटी. सगळ्यांच्या आवाजात निलूचा आवाज वेगळा काढण्याचा प्रयत्न केला. जमले नाही. तिच्या लहानपणी शाळेच्या प्रार्थनेत मला तो फाटकाबाहेरूनही ओळखू येत असे.

७ एप्रिल, बुधवार

आज विचारले. शब्द आधीच ठरवून ठेवले होते, तरी निम्मेच बोलता आले.

"तीजेला पाणी तू देशील ना?"

ती ड्यूटीच्या साडीला इस्त्री करत होती. इस्त्री उभी केली. म्हणाली, "बाबूजी, पाणी ओतायला काय लागते? पण ते ओतताना जे मानायचं असते, ते मी मानत नाही. मायच्या नावानं खोटं कसं करू? तिच्याशी मी कधी खोटं बोलली नाही."

"मानू नकोस. नुसते ओत."

"न पटलेल्या कागदावर तुम्ही कधी सही केली का?"

नाही केली. ज्या भाताच्या मिलचे हिशेब मी पाहतो, तिच्या आधीच्या मालकांशी याच कारणावरून माझे वाजले होते आणि ती गोष्ट तिला मीच कौतुकाने सांगितलेली आहे. माझेच माप तिने माझ्यापुढे ठेवले. ते खोटे कसे म्हणू?

म्हणालो, "ठीक. मग त्या दिवशी घरात तरी राहा. बाकी काही करू नकोस."

"आमचं निघणं तेरा तारखेचं आहे."

इस्त्री तोवर थंड झाली होती. तिने ती पुन्हा लावली.

११ एप्रिल, रविवार

गावी, दवनीवाड्याला जाऊन आलो. थोरल्या भावांना सांगणे भाग होते. ते ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"काऊन रे, एकुलती पोरगी अन् एवढ्या दूर धाडून राहिला?"

"मी धाडत नाही. ती चालली आहे."

"तू बाप आहेस का पाव्हना आहेस तिच्या घरचा?"

वहिनी आतून म्हणाल्या, "उन्हातून आले ते, पानी तं पिऊ द्या." भाऊंचा आवाज थोडा खाली आला. "हे पाय, तीजेची काळजी करू नोको. पानी मायावाला पोट्टा देईल. शांता त्याची काकीच होती ना. रीतही तेच सांगते." त्यांच्या आवाजात कुठेही खोट नव्हती. शांताची इच्छा त्यांना सांगायला गेलो होतो. सांगितली नाही. सांगितली असती, तर ती पुरी का होत नाही तेही सांगावे लागले असते, आणि ते निलूला लागले असते.

निघताना भाऊंनी डिकीत तांदळाची पिशवी ठेवली. "पोरीले दे. तिकडं आपला चिन्नोर कोन देते तिले?"

१५ एप्रिल, गुरुवार

प्रवास-एजंटाने गटाला सूचनांचे पत्रक दिले आहे. निलूने वरवर चाळले, पास्टरांनीही तसेच केले असावे. मी शेवटपर्यंत वाचले. अगदी खाली बारीक अक्षरांत: पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या पुरेशी आधी घेतलेली हवी, दाखला जवळ हवा, नाही तर जाता येणार नाही. लस गोंदियात मिळत नाही, मुंबईला जावे लागते. वेळ जेमतेम आहे.

पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि मिलमध्ये गेलो. दिवसभर ते खिशात होते. आपण होऊन मी काहीच करायचे नव्हते. फक्त बोलायचे नव्हते. तेरा तारीख आपोआप टळली असती आणि सोळाला ती घरात असती.

सा. पत्रक तिच्यापुढे ठेवले आणि त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. ती घाबरली. तिने लगेच पास्टरांना फोन लावला. फोनवर तिचा आवाज ऐकला: "नाही नाही, बाबूजींच्या लक्षात आलं. ते सगळं वाचतात."

असे रोखून धरलेली मुलगी घरात असली काय आणि नसली काय. हे आता लिहिताना सुचते आहे. दुपारी सुचले नव्हते.

२४ एप्रिल, शनिवार

मंडळी लस घेऊन मुंबईहून परतली. सा. पास्टर आभार मानायला घरी आले, सोबत पेढे. निलू ड्यूटीवर. चहा मीच केला. साखर कमी पडली, ते बोलले नाहीत.

"तुम्ही ते वाचलं नसतं तर दोन्ही तुकड्यांची फजिती होती, भाऊ."

"दोन्ही?"

"एक तेरा तारखेला निघते, दुसरी वीसला. सगळ्यांना एकदम रजा नाही ना मिळत. निलूताईंना मी म्हटलं होतं, घरी पहिलंच वर्ष आहे, वीसच्या तुकडीत या. तर त्या म्हणाल्या, नाही, मला पहिलीतच जायचं."

माझ्याकडे पाहून त्यांना काहीतरी कळले. कप खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला."

"ठाऊक आहे," म्हणालो.

त्यांना फाटकापर्यंत सोडले. पेढ्यांचा पुडा अजून बांधलेलाच आहे.

२५ एप्रिल, रविवार

"वीस तारखेला जाता आले असते तुला."

"हो."

"मग?"

तिने नाकारले नाही, रडलीही नाही. जमिनीवर बसून शिबिरासाठी कापडी बाहुल्यांना डोळे शिवत होती. सुई थांबली नाही.

"सोळा तारखेला अंगणात गावाहून मोठे बाबूजी येतील, सगळे येतील. कोणीतरी म्हणेल, पोरगी आहे ना घरात. घागर माझ्यापुढे सरकवतील. मी नाही म्हणीन. मग सगळे माझ्याकडे नाही, तुमच्याकडे पाहतील. मी इथं नसली तर एवढंच म्हणतील की पोरगी परदेशात होती. मायलाही कोणी काही बोलणार नाही."

मग दाताने दोरा तोडला: "मला वाटलं, तुम्हाला बरं पडेल."

सगळे तिने माझ्यासारखेच तोलून ठरवले. फरक एवढाच की तिच्या तोलण्यात मी होतो. तिला न विचारता तिच्यासाठी काही ठरवण्याची मला सवय आहे; तिला ती माझ्याकडूनच लागली असावी. रागवायचे तर कोणावर?

हातातली बाहुली तिने पुढे केली. "डोळे सरळ आले का, पाहा."

डावा किंचित वर होता. सांगितले. तिने उसवून पुन्हा शिवला.

३ मे, सोमवार

शेजारून आंबे आले, त्यांच्या झाडाचे. निलूने सुपात गवत घालून मांडून ठेवले. घरभर वास आहे. मी म्हणालो, "तुला चालते. जाण्याआधी खाऊन घे. तिकडे मिळाला न मिळाला."

"तीजेआधी आपण खात नाही ना," ती म्हणाली आणि खिडकी लावायला गेली.

पितरांना दाखवल्याशिवाय आंबा न खाण्याची रीत तिने पाळायची आणि पाण्याची नाही, यात सूत्र कोणते, हे मी संध्याकाळभर शोधले. सापडले नाही. 'आपण' म्हणाली, एवढे मात्र ऐकले.

८ मे, शनिवार

विमानात वजनाची मर्यादा आहे, आणि घरी भाजी तोलायचा तराजू. म्हणून तिची बॅग मिलमध्ये आणली, निलूही सोबत आली. हमालांनी बॅग काट्यावर चढवली. त्यांतला बुधराम तिला लहानपणापासून ओळखतो.

"दीदी, इसमें कपडे है कि बाबूजी को भी भर के ले जा रही?"

"बाबूजी नाही मावत भाऊ. दोनदा पाहिलं."

सगळे हसले. मीही हसलो असेन. वजन जास्त भरले. तिने बॅग उघडून भावांनी दिलेली तांदळाची पिशवी बाहेर काढली, हातात धरून उभी राहिली, परत आत ठेवली आणि आपल्या दोन साड्या काढल्या. बुधरामने पुन्हा काटा पाहिला. "अब बराबर. उधर भी धान होता क्या दीदी?"

"पाहून येते अन् सांगते तुम्हाला."

काढलेल्या साड्यांत एक शांताची होती, मोरपंखी. ती घरी आणून कपाटात ठेवली. ती मागे राहणार याचे बरे वाटले. असे वाटणे योग्य नव्हे.

१३ मे, गुरुवार

दु. स्टेशन. मुंबईची गाडी वेळेवर. फलाटावर गटाने हातात हात घालून गोल केला आणि पास्टरांनी प्रार्थना केली. ते पुढच्या तुकडीबरोबर जाणार, आज नुसते पोचवायला आले होते. मी गोलाबाहेर निलूची बॅग धरून. एका बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून हात सोडला आणि माझ्यासाठी जागा केली. मी गेलो नाही. जागा प्रार्थना संपेपर्यंत तशीच राहिली.

निलू पाया पडली. हे तुमच्यात चालते का, असे विचारणार होतो, विचारले नाही. म्हणाली, "बीपीची गोळी सकाळचीच घ्या, रात्री नका घेऊ. रविवारी फोन करीन."

"रविवारी तीज आहे."

"माहीत आहे मला, बाबूजी."

गाडी हलली तेव्हा ती दारात नव्हती, खिडकीत होती, आणि ती खिडकी पलीकडच्या बाजूची होती. डब्यातल्या माणसांच्या मधून हात तेवढा दिसला. तिचाच असावा.

घरी तिची ड्यूटीची साडी वाळत होती. काढून घडी केली. तिच्यासारखी जमत नाही, कडा जुळत नाहीत.

१५ मे, शनिवार

पोचल्याचा संदेश आला. 'सुखरूप. थंडी आहे.' मे महिन्यात थंडी. गोंदिया भट्टीसारखे तापले आहे.

कुंभाराकडून घागर आणली. वाजवून पाहिली. तडा नाही.

१६ मे, रविवार. अक्षय तृतीया.

सकाळी भाऊ, वहिनी, पुतण्या, त्याची बायको आणि मुले गावाहून आली. वहिनींनी स्वयंपाक केला. गुरुजींनी अंगणात मांडामांड केली, घागर भरली, वर पळसाचे पान आणि आंबा ठेवला. पुतण्या आंघोळ करून बसला. चांगला मुलगा आहे. शांताच्या आजारात रक्त द्यायला पहिला तोच आला होता.

गुरुजींनी त्याच्या हातात पळी दिली. मी म्हणालो, "थांबा."

भाऊ म्हणाले, "काऊन? कोनाची वाट पाहून राहिला?"

"मी देतो."

"नवऱ्यानं बायकोले? पोट्टा बसला असताना? आपल्यात नाही असं."

तेव्हा शांताचे बोलणे सांगितले. सगळे. पुतण्यासमोर ते सांगावे लागले, याचे वाईट वाटते. त्याने पळी हळूच ताटात ठेवली. "काकी म्हनली असन तं मी नाही देत, बाबा." भाऊ उठून आत गेले. गुरुजींना पुढच्या घरी जायचे होते. ते म्हणाले, "मावळेपर्यंत केव्हाही द्या. मृताचे नाव घ्या, मग देणाऱ्याचे नाव आणि नाते सांगा, आणि सोडा. मन साफ असले म्हणजे झाले." आणि गेले.

पाणी दिल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. ऊन चढले. मंडळी आत पंख्याखाली, मी अंगणात. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, लेकरं भुकेली आहेत." आवाज चढवला नाही. त्यांना माझी दया येत होती, ते मला अधिक जड गेले.

फोन वाजला. निलू. आवाज थोडा उशिराने पोचत होता.

"बाबूजी, जेवलात?"

"नाही."

"एवढा वेळ? अजून?"

"पाणी व्हायचे आहे."

तिच्यामागे मुलांचा गलका होता, कोणीतरी टाळ्या वाजवून काही शिकवत होते.

"मोठे बाबूजी आले नाहीत का?"

"आले आहेत. मीच थांबवले."

मग अगदी हळू: "माझ्यामुळे?"

नाही म्हणणे खोटे झाले असते, आणि हो म्हणणे मला जमले नाही. म्हणालो, "मी आता देतो आहे. तू फोन ठेव, बाई. तुला न पटणाऱ्या गोष्टीत मला तुला धरायचे नाही."

"ठेवते," ती म्हणाली.

ठेवला नाही. टाळ्या ऐकू येत राहिल्या, मग त्या दूर गेल्या. ती चालत कुठेतरी बाजूला गेली असावी. मी थोडे थांबलो. तिला फोन ठेवायला वेळ दिला. मग फोन डाव्या कानाशी तसाच धरून उजव्या हाताने घागर कलती केली. शांताचे नाव घेतले, पूर्ण, तिच्या वडिलांच्या नावासकट. देणाऱ्याच्या नावाची जागा आली तेव्हा थांबलो. माझे घ्यावे तर शांताचा शब्द मोडत होता, निलूचे घ्यावे तर निलूचा. कोणतेच नाव घेतले नाही. पाणी सोडले. माती तापलेली होती, पाणी पडताना आवाज झाला. घागर रिकामी व्हायला वाटले त्यापेक्षा जास्त वेळ लागला. फोनमधून श्वास येत होता. शेवटी तोही बंद झाला. तिने ठेवला की लाइन गेली, कळले नाही.

आत जाऊन "पाने वाढा" म्हणालो. मुले धावली. भाऊंनी माझ्या ओल्या पायांकडे पाहिले.

"कोनाच्या नावानं देल्लं?"

"दिले," म्हणालो.

त्यांनी माझे पान आपल्या शेजारी ओढून घेतले.

सगळे संध्याकाळी गावाला परतले. मी पुन्हा फोन लावून पाहिला, लागत नाही. देणाऱ्याचे नाव न घेता दिलेले पाणी पोचते का, हे गुरुजींना विचारता येईल. मी ते विचारणार नाही, कारण ते नाही म्हणाले तर मला पुढे काही करता येणार नाही. दुसरा प्रश्न निलूला विचारायचा आहे. ती मुद्दाम थांबली होती, की ठेवायचे तिच्या हातून राहून गेले. जूनच्या अखेरीस ती येईल. तेव्हा विचारीन असे आज वाटते. तिला पाहिल्यावर विचारवेल का, ते सांगता येत नाही.